तेवीस नंबरची पिवळी नळी

"मावशी, मी माणूस मारला म्हणतात."

शुक्रवार, सकाळचे साडेआठ. वर्तकनगरच्या आपल्या दोन खोल्यांत रमाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. फोन खांद्यात दाबून त्यांनी जुडी बाजूला सारली.

"कोण म्हणतं?"

"सगळेच. शेठने काल कामावरून काढलं. सोमवारी दहाला पोलीस ठाण्यात बोलावलंय, वकील घेऊन या म्हणाले. आणि मला मारलं, मावशी. त्या बाईंनी. गेटवर, सगळ्यांसमोर."

"रडून घे. मग डोंबिवलीहून निघ आणि इकडे ये. फोन चार्ज करून आण."

रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढली. तेवढ्या काळात नऊ साहेब आले, सह्या करून गेले. काम रमाबाईंनी केलं, खुर्चीत साहेब बसले. हे त्या तोंडावर बोलायच्या, म्हणून बढती मिळाली नाही. कृतिका त्यांच्याकडे रक्त काढायला शिकली तेव्हा एकोणीसची होती. आता चौतीसची.

अकरा वाजता ती समोर बसली. डावा गाल सुजलेला.

"पहिल्यापासून सांग. शिबिर कधी झालं?"

"फेब्रुवारीत. बाळकुमच्या त्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. हृदयाची मोफत तपासणी. एक्केचाळीस लोकं. सगळ्यांचं रक्त मीच काढलं."

"माणशी नळ्या किती?"

"दोन. पिवळ्या टोपणाची आमच्या लॅबच्या मशीनसाठी. कोलेस्टेरॉल, साखर, क्षार, सगळं त्यात होतं. जांभळ्या टोपणाची डॉक्टर त्र्यंबकांसाठी. त्यांना संशोधनाला फक्त पेशी लागतात."

"आणि गेले ते?"

"विठ्ठलकाका. नंबर तेवीस. त्यांची शीरच सापडेना. दोनदा टोचलं, एकच नळी भरली. जांभळी. तिसऱ्यांदा टोचायला माझा हात होईना. म्हटलं, काका, उद्या उपाशीपोटी कल्याणला लॅबवर या, पिवळी भरू. येतो म्हणाले."

"आले?"

"नाही. चिपळूणला गावी निघून गेले. मी दोन फोन केले, लागले नाहीत. मग दुसरी शिबिरं आली, राहूनच गेलं."

"रिपोर्ट?"

"आला ना! पूर्ण. सगळा नॉर्मल."

रमाबाईंनी कप खाली ठेवला. "नळी नाही, आणि रिपोर्ट आला?"

"तेच तर मी ओरडून सांगतेय! शेठ म्हणतो, दुसऱ्या दिवशी मीच पिवळी आणून दिली. संख्या भरायला दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घातलं म्हणे. काकांनी नॉर्मल बघून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोडल्या. चार महिन्यांनी झटका आला. म्हणजे मी मारलं."

"स्टँडचा फोटो?"

कृतिकाने फोन पुढे केला. ही रमाबाईंचीच शिकवण. रक्त एकदा हातातून गेलं की ते कोणाचं हे ते स्वतः सांगत नाही, म्हणून स्टँड सोपवताना फोटो काढायचा. पंधरा वर्षांत तिने तो एकदाही चुकवला नव्हता.

फोटोत दोन रांगा. जांभळ्या टोपणांची रांग भरलेली. पिवळ्यांच्या रांगेत तेविसाव्या जागी रिकामं भोक. स्टँड धरलेला पुरुषी हात, बोटात पुष्कराजाची अंगठी.

"हा हात कोणाचा?"

"शेठचा. ऋतुराजचा. त्याने मोजून घेतलेल्या. चाळीस पिवळ्या, एक्केचाळीस जांभळ्या."

"पोलिसांना दाखवलास?"

"दाखवला. बोलले, हा त्या दिवशीचा. दुसऱ्या दिवशी काय झालं ते ह्यात कुठे दिसतं?"

बरोबरच होतं त्यांचं. रमाबाईंनी चप्पल पायात सरकवली.

*

कलावतीबाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. नवऱ्याला, विठ्ठलरावांना, जाऊन चोवीस दिवस झाले होते.

"मी त्या मुलीची मावशी," रमाबाई म्हणाल्या. "रक्ताची नाही, कामाची. मारायचं असेल तर मला मारा. पण आधी रिपोर्ट दाखवा."

बाईंनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग साखळी निघाली.

टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते. चोवीस दिवस ते तसेच असावेत. एक फेब्रुवारीचा, लॅबचा. कोलेस्टेरॉल १६८. साखर ९४. पोटॅशियम ४.३. कॅल्शियम ९.४. प्रत्येक आकड्यापुढे 'नॉर्मल', खाली डॉ. त्र्यंबक यांची सही. दुसरा जूनचा, रुग्णालयाचा. कोलेस्टेरॉल ३०६. तीन नसा बंद.

"गोळ्या किती वर्षं चालू होत्या?"

"दोन. हा कागद आला त्या दिवशी त्यांनी डबीच फेकली. मला म्हणाले, बघ, खोबरं घातलेली बिरड्याची उसळ खाऊनसुद्धा एकशे अडुसष्ट! मी पण हसले." त्यांनी कागदाची कड सरळ केली. "मी पण हसले हो."

"लॅबवाल्यांपैकी कोणी भेटायला आलं?"

"डॉक्टर त्र्यंबक आले. तिसऱ्या दिवशी. देवमाणूस. इथे बसून समजावलं. म्हणाले, काकू, रक्त स्वच्छ होतं, पण कोलेस्टेरॉल पेशींच्या आत लपलेलं असतं, ते साध्या तपासणीत दिसत नाही. कुणाची चूक नाही. मग ऋतुराज म्हणाला, चूक त्या मुलीची. मी कोणाचं खरं मानू?"

"डॉक्टरांना कळलं कसं? तुम्ही कळवलंत?"

"त्यांचाच फोन आला. दर महिन्याला यायचा ह्यांना. छातीत काही होतं का, चढताना धाप लागते का. एवढा मोठा माणूस, पण आठवण ठेवायचा. जाताना रुग्णालयाच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन गेले. अभ्यासाला लागतात म्हणाले."

"तुमचंही रक्त घेतलं होतं ना शिबिरात?"

"हो. नंबर चोवीस."

"तुम्हाला यायचा फोन?"

"मला? नाही." कलावतीबाईंना ह्यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही.

रमाबाईंनी फेब्रुवारीच्या कागदाचा फोटो काढला. पोटॅशियमच्या ओळीवर त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं.

खाली सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी काळुराम बसले होते. मूळचे बाळकुमचेच. जिथे कॉम्प्लेक्सचं पार्किंग आहे तिथे त्यांची भातशेती होती.

"काळुरामभाऊ, शिबिरात तुम्ही होता?"

"व्हतो ना. नंबर सात. मना नॉर्मल आयला. तवापासून मटण परत चालू केलाय." त्यांनी पोटावर हात फिरवला.

"डॉक्टरांचा फोन येतो?"

"दर महिन्याला! छातीत दुकतंय का, इचारतो. लय मायाळू मानूस हाय."

"वहिनींना येतो?"

"तिला नाय. तिचा बी नॉर्मल, माजा बी नॉर्मल. पन फोन मनाच." ते हसले. मग हसता हसता जरा थांबले. "असा का वो?"

"एक काम करा. एक्केचाळीस घरांत विचारा, फोन कोणाकोणाला येतो. फक्त नंबर लिहून आणा. का ते सांगू नका."

संध्याकाळी रमाबाईंच्या फोनवर नंबर आले. विठ्ठलरावांचा धरून अकरा.

*

शनिवारी सकाळी कल्याणला, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत, लॅबच्या आतल्या केबिनमध्ये डॉ. त्र्यंबक बसले होते. पांढरे केस, मऊ आवाज. रमाबाईंना त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. चौतीस वर्षांत हे कुठल्या साहेबाने केलं नव्हतं, आणि खोटं का बोला, रमाबाईंना ते आवडलं.

"मला तुमचं संशोधन समजावा, सर. साध्या भाषेत."

"आनंदाने. आपण सगळे रक्तातल्या पाण्यातलं कोलेस्टेरॉल मोजतो. पिवळ्या टोपणाची नळी फिरवली की वर पाणी राहतं, ते मशीनला लावतात. खालच्या लाल पेशी फेकून देतात. पण पेशीचं आवरणही कोलेस्टेरॉलचंच बनलेलं असतं. हृदयाच्या नसा ज्यांच्या भरल्यात, त्यांच्या पेशींत ते जास्त असतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. जग जे बेसिनमध्ये ओततं, त्यात उत्तर आहे!"

"म्हणून तुम्हाला जांभळी लागते."

"अर्थात. तिच्यात पोटॅशियमचं एक मीठ असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, रक्त गोठत नाही, पेशी सुट्या राहतात. मी स्वतः त्या धुतो, स्वतः मोजतो. कुणाला हात लावू देत नाही. आकडे माझ्या वहीत, वही माझ्या कपाटात."

"आणि पिवळ्या नळ्या?"

"त्यांच्याशी माझा संबंध नाही. त्या ऋतुराज बघतो. आकडे मशीनमधून आपोआप माझ्या स्क्रीनवर येतात. मी घरून तपासतो, सही करतो."

"विठ्ठलरावांच्या पेशींत किती निघालं?"

"सर्वांत जास्त," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "म्हणूनच सांगतो, त्या मुलीला दोष देऊ नका. रिपोर्ट बरोबर होता. विज्ञान अपुरं होतं."

इतकं चांगलं कोणी बोललं की रमाबाईंना नेहमी भीती वाटायची. त्या उठल्या आणि पोलीस ठाण्यात गेल्या.

उपनिरीक्षक मृणाल तिशीची होती, तीन रात्रींची झोप डोळ्यांत घेऊन बसलेली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"फोटोत भोक रिकामं आहे, मान्य. पण ऋतुराज लेखी सांगतोय की दुसऱ्या दिवशी तिने नळी दिली."

"मग मशीनला विचारा."

"म्हणजे?"

"त्या मशीनला स्वतःची आठवण असते, मॅडम. कुठला नंबर कुठल्या दिवशी लावला, काय आकडा आला. कोणी ते बघत नाही, कारण रिपोर्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवरून निघतो. पण पुसलेलंही नसतं. नळी आली असेल तर तेवीस नंबर त्यात असणार. नसेल तर तुमचा साक्षीदार खोटारडा."

दुपारी मशीनसमोर तिघं उभी राहिली. ऋतुराज चाळिशीचा, गळ्यात चेन, बोटात तीच अंगठी. स्वतः तंत्रज्ञ, आता मालक.

"तुम्ही कोण माझी मशीन उघडायला सांगणाऱ्या? रिटायर झालात ना, घरी बसा की."

"मी सांगतेय," मृणाल म्हणाली. "उघडा."

त्याने बटणं दाबली. फेब्रुवारीची यादी आली. एकवीस. बावीस. चोवीस.

"पुढचे पंधरा दिवस दाखव," रमाबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांत शिबिराचा तेवीस नंबर कुठेच नव्हता. ऋतुराजच्या कपाळावर घाम आला.

"आता बोल. पिवळी आलीच नव्हती ना?"

"नव्हती." तो स्टुलावर बसला. "पण आईशप्पथ, रिपोर्ट मी नाही बनवला! काका वारले तेव्हा मी मशीन बघितली. तेवीस नाहीच! माझ्या लॅबमधून हवेतला रिपोर्ट गेलाय, हे बाहेर पडलं असतं तर संपलो असतो. म्हणून..."

"म्हणून पोरीच्या गळ्यात घातलंस."

त्याने बाहीने घाम पुसला.

"तेवीसची नळी बाकी आहे, हे डॉक्टरांना सांगितलं होतंस?"

"नाही. फ्रीजवर चिठ्ठी लावलेली, 'तेवीस पिवळी बाकी'. काका गेल्यावर मीच फाडली. डॉक्टर फ्रीजकडे कशाला येतात? त्यांच्या जांभळ्या वेगळ्या डब्यात जातात. त्यांच्या स्क्रीनवर ती ओळ नुसती कोरी दिसली असणार."

"बाकीच्या चाळीस जणांचे रिपोर्ट मशीनशी ताडून बघितलेस?"

"ते कशाला बघू? एकशे सदुसष्ट शिबिरं केली मी, कोणी..."

"छाप," रमाबाई म्हणाल्या. "सगळी यादी, आणि पाठवलेले सगळे रिपोर्ट."

सगळं छापून आलं. रमाबाईंनी पर्समधून अकरा नंबरांचा कागद काढला आणि सगळे कागद मृणालसमोर ठेवले. मृणालने एकेका आकड्यावर पेन टेकवलं. सातवर ती थांबली. तिने मान वर केली तेव्हा तिची झोप उडालेली होती.

*

रविवारी सकाळी दहा वाजता काळुरामांनी डॉक्टरांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"डाक्टर, छातीत लय दुकतंय. घाम सुटलाय."

 पलीकडून मऊ आवाज: "घाबरू नका. मी निघालोच. मी येईपर्यंत कुठेही जाऊ नका. कुठलीही गोळी घेऊ नका."

मृणालने वेळ लिहून घेतली.

पन्नास मिनिटांनी डॉ. त्र्यंबक सोसायटीच्या ऑफिसात आले. काळुराम सोफ्यावर आडवे पडलेले. डॉक्टरांनी वही काढली.

"कधीपासून दुखतंय? डाव्या हातात जातं का?"

"जातं. डाक्टर, हास्पिटलात नेताव का?"

"नेऊ. नेऊच. आधी थोडं रक्त घेतो. एकदा तिथली औषधं सुरू झाली की पेशी बदलतात." त्यांनी बॅग उघडली. पट्टा, सुई, आणि जांभळ्या टोपणाची नळी.

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"त्यांना हात लावू नका!" कृतिका ओरडली. तिच्यामागून मृणाल, ऋतुराज, कलावतीबाई आणि सगळ्यांत शेवटी रमाबाई बाहेर आल्या.

काळुराम उठून बसले. त्यांचा चेहरा आता खरोखर पांढरा पडला होता. "मी मरत व्हतो," ते पुटपुटले, "आनि ह्यो नली भरत व्हता."

"हा काय प्रकार आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसा, सर," रमाबाई म्हणाल्या. "काल तुम्ही मला खुर्ची दिलीत. आज माझी पाळी. विठ्ठलरावांचा रिपोर्ट कोणी बनवला?"

"मशीनने. मी फक्त सही केली."

"मशीनमध्ये तेवीस नंबर नाही. त्यांची पिवळी नळी लॅबमध्ये आलीच नव्हती."

डॉक्टरांची नजर झर्रकन ऋतुराजकडे गेली. त्या नजरेत पहिल्यांदा खरं आश्चर्य होतं.

"नव्हती? मग... मग ऋतुराजने जांभळीवरच तपासणी केली असणार. हाताने. कोलेस्टेरॉल जांभळीवरही होऊ शकतं."

"होऊ शकतं," रमाबाई म्हणाल्या. "कलावतीताई, तो कागद वाचा. पोटॅशियम किती आहे?"

"चार पॉइंट तीन."

"कॅल्शियम?"

"नऊ पॉइंट चार. नॉर्मल लिहिलंय."

"सर, जांभळ्या नळीत काय असतं ते काल तुम्हीच सांगितलंत. पोटॅशियमचं मीठ, कॅल्शियम धरून ठेवणारं. त्या रक्ताचं पोटॅशियम मोजलं तर आकडा कुठल्या कुठे जातो, आणि कॅल्शियम जवळजवळ सापडतच नाही. जिवंत माणसाचा असा रिपोर्ट येऊच शकत नाही. जांभळीवर चार पॉइंट तीन? हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. कृतिकाला कळतं. हा ऋतुराज लुच्चा आहे, पण नळ्यांत आयुष्य गेलंय त्याचं. तो हे आकडे मेला तरी लिहिणार नाही. हे लिहिणाऱ्याला पिवळी नळी नाही हे माहीतच नव्हतं. कृतिकाला माहीत होतं, तिनेच ती भरली नव्हती. ऋतुराजला माहीत होतं, त्याने मोजून घेतलं. तिसरा माणूस कोण? जो पिवळ्या नळ्यांना कधी हात लावत नाही. घरी बसतो, स्क्रीनवर कोरी ओळ बघतो, समजतो की मशीनमधून आकडे यायचे राहिले, आणि मनाने भरून टाकतो."

"एक चूक झाली असेल," डॉक्टर म्हणाले. "कोरी ओळ होती, मी अंदाजाने... शिबिराचा रिपोर्ट, बाई! मोफत होता!"

"मोफत म्हणजे खोटा चालतो?" कलावतीबाईंचा आवाज चिरकला.

"आणि चूक एक नाही," रमाबाई म्हणाल्या. "मॅडम, वाचा."

मृणालने यादी उघडली. "नंबर सात. मशीनमध्ये कोलेस्टेरॉल ३१२. रिपोर्टात १७४. नंबर बारा. मशीनमध्ये २८८, रिपोर्टात १६९. असे दहा. तेवीस धरून अकरा. बाकी तीस जणांचे आकडे जसेच्या तसे."

"सात म्हंजे मी," काळुराम म्हणाले. "तीनशे बारा? आनि मी पाच महिने मटण खातंय?"

"हेच अकरा का?" रमाबाई डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. "ते मला ह्या लोकांनीच सांगितलं. ज्यांना दर महिन्याला तुमचा फोन येतो, तेच अकरा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ज्याला तुम्ही नॉर्मल म्हणून लिहून दिलंत, त्याला महिन्याला फोन करून छातीचं का विचारायचं? नवऱ्याला विचारता, बायकोला नाही. दोघांचा रिपोर्ट सारखाच नॉर्मल. मग फरक कुठे होता? तुमच्या वहीत. पेशींच्या आकड्यांत. ती वही तुमच्याशिवाय कोणी बघितलेली नाही. ऋतुराजला हे अकरा निवडताच आले नसते."

त्यांनी अकरा नंबरांचा कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

"तुम्हाला काय हवं होतं ते मला रात्रभर कळेना. माणूस मारून तुम्हाला काय मिळणार? मग कळलं. ज्याचं कोलेस्टेरॉल तीनशे आहे त्याला झटका आला, तर त्यात नवं काय? पानवालाही सांगेल. तुमचं नाव व्हायला वेगळा माणूस पाहिजे होता. ज्याचं रक्त स्वच्छ, पेशी भरलेल्या, आणि तरी तो पडला. असा माणूस मिळेना. म्हणून तुम्ही तो कागदावर तयार केलात. आणि मग दर महिन्याला फोन करून विचारत बसलात, पडलास का, पडलास का."

"तुम्हाला संशोधन कळत नाही," डॉ. त्र्यंबक म्हणाले. आवाज अजून मऊच होता, पण त्यातलं काहीतरी सुटलं होतं. "पेशींचा संबंध खरा आहे. मला माहीत आहे तो खरा आहे. अजून वीस वर्षं थांबायचं का? हे सिद्ध झालं तर उद्या लाखो लोक वाचतील."

"असेल खरा. तो खरा ठरवायला खोटं कशाला लागलं? आणि लाखांचं उद्या बघू. काल अकरा वाचवायचे होते. नुसता खरा आकडा लिहायचा होता, सर. तो मशीनने काढून दिलाच होता."

कलावतीबाई पुढे झाल्या. सगळ्यांना वाटलं, आता थप्पड बसणार. त्यांनी फक्त डॉक्टरांच्या हातातली वही घेतली आणि पानं उलटली. तेवीस नंबरापुढे तारीख होती. त्यापुढे लाल शाईने एक छोटी बरोबरची खूण.

"ही खूण..." त्या म्हणाल्या. "माझा नवरा गेला, म्हणून ही खूण केलीत तुम्ही?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. मृणालने वही पिशवीत घातली, पिशवीला सील लावलं. त्यांना गाडीकडे नेताना ती ऋतुराजकडे वळली. "तुम्हीपण चला. पुरावा फाडणं आणि खोटी जबानी. चिठ्ठीचं सविस्तर सांगा तिथे." मग कृतिकाकडे बघून ती म्हणाली, "उद्या दहाला यायची गरज नाही. साक्षीदार म्हणून बोलवीन. वकील नको."

कृतिकाने मान हलवली.

बाहेर आवारात माणसं जमली होती. बातमी जिन्याजिन्याने पोचली होती. नऊ घरं, नऊ नॉर्मल रिपोर्ट, आणि नऊ माणसं आपल्याच छातीवर हात ठेवून उभी. दहावे काळुराम.

"आता काय करायचा, मावशी?" काळुरामांनी विचारलं.

"आजच्या आज परत रक्त द्यायचं. दुसऱ्या लॅबला. मी स्वतः घेऊन जाते. आणि दुपारी तुम्ही दहाही जण मोठ्या डॉक्टरकडे, छातीची पट्टी, ईसीजी, काढायला. चला, टेबल लावा."

टेबल लागलं. पिशवीतून पिवळ्या टोपणाच्या नळ्या निघाल्या. पण पुढे कोणी येईना. गेल्या आठवड्यात ह्याच गेटवर ह्याच लोकांनी कृतिकाला मार खाताना बघितलं होतं. काहींनी मोबाईल वर धरले होते. आता प्रत्येकजण दुसऱ्याच्या पाठीमागे सरकत होता. लाज वाटली की माणसं अशीच करतात, माफी मागत नाहीत, नुसती मागे सरकतात.

कलावतीबाई गर्दीतून आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"काकू, तुमचा रिपोर्ट खरा होता," कृतिका म्हणाली. "तुम्हाला परत द्यायची गरज नाही."

"माहीत्ये."

त्यांनी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. त्याच हाताने मारलं होतं.

"तेवीस नंबर टाक," त्या म्हणाल्या. "आणि ह्या वेळी पिवळी भर."

कृतिकाने पट्टा बांधला. शीर पहिल्याच वेळी सापडली. नळी भरत गेली तशी गर्दीतून काळुराम पुढे आले आणि बाही दुमडत कलावतीबाईंच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी एकजण. मग रांग.

नळी भरल्यावर कृतिकाने ती स्टँडमध्ये तेविसाव्या भोकात ठेवली. कापूस दाबला. आणि सवयीने फोटो काढायला फोन उचलला.